लाकडी मासोळीची चाल

आमच्या घराण्यात आजवर वाकडी वस्तू घडली नाही, असं बा चारचौघांत सांगायचा आणि मग माझ्याकडं बघून जरा थांबायचा. लोक हसायचे. मीही हसायचो. बापाच्या विनोदावर हसणं हा आमच्या धंद्याचाच एक भाग होता. गिऱ्हाईक खूश राहतं.

धंदा खरादीचा. चांद्याला, परकोटाच्या आत, आमच्या घराच्या पडवीत दुकान होतं. दुकान म्हणजे जमिनीत रोवलेले दोन खुंट, त्यांच्या टोकांत आडवं अडकवलेलं लाकूड आणि लाकडाला दोरीचा वेढा. एकानं दोरी मागं-पुढं ओढायची, लाकूड गरगर फिरायचं आणि दुसऱ्यानं समोर उकिडवं बसून त्याला पटाशी लावायची. पटाशी बाची, दोरी माझी. शाळेनं मला सोडलं तेव्हापासून मी दोरीला होतो. घाण्याच्या बैलाला निदान फिरायला तरी मिळतं, मला तेही नव्हतं. पण तोंड मोकळं असायचं, आणि ते मी दिवसभर चालवायचो.

पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, रव्या, भोवरे हे सगळं आम्ही करायचो. पण बाचं नाव होतं हुक्क्याच्या नळीसाठी. हातभर लांब लाकूड. अर्धं भोक या टोकाकडून पाडायचं, अर्धं त्या टोकाकडून. हत्यार म्हणजे सामता, धनुकलीनं फिरवायचं गिरमिट. दोन्ही भोकं लाकडाच्या पोटात एकमेकांना बरोबर भेटली पाहिजेत. बाची भेटायची. जवळच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे चाचा होते, हुक्क्याचे जुने शौकीन. ते नळी ओठाला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "उस्ताद, हवा अटकती नहीं." बा मान खाली घालून पटाशीला धार लावत बसायचा, म्हणजे त्याला फार आनंद झालेला असायचा.

पण हुक्के गेले, बिड्या आल्या. लोखंडी पलंग आगगाडीनं यायला लागले, पाळणे पत्र्याचे झाले. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्याच्या आसपासची ही गोष्ट. अख्खा जिल्हा हलला, पण आमच्या पडवीत गिऱ्हाईक काही हललं नाही. माझा मामा बल्लारपूरकडं कोळशाच्या खाणीत होता. तो उन्हाळ्यात येऊन मायला सांगून गेला, "पोळ्यापर्यंत पाहा बाई. मंग पोट्ट्याले माझ्याकडं धाडा. जागा ठेवतो."

बानं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "माझा पोट्टा जमिनीच्या वर काम करन. खाली नाई."

माय म्हणाली, "वर काम तं पाह्यजे."

तर पोळ्यापर्यंत काम मिळालं पाहिजे, नाहीतर मी खाणीत, असा तो सरळ हिशेब होता. आणि दोरी ओढणारा खाणीत गेला की खराद बंद, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. दोरी ओढायला माणूस ठेवण्याइतकं आमच्याकडं काही नव्हतं.

अशात एका सकाळी पडवीसमोर सायकल थांबली. जंगल खात्यातले एक साहेब होते, पुण्याकडचे, नवीन बदली होऊन आलेले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून एक मासोळी. लाकडाची. चार बोटं लांब, रंग उडालेला, तोंडाखाली पत्र्याची एक जीभ, पोटाला आणि शेपटीला तीन-तीन तोंडांचे गळ. कुणी जुना इंग्रज अधिकारी जाताना त्यांना देऊन गेला होता. दोरीला बांधून पाण्यात फेकायची आणि ओढत आणायची. मरळीसारख्या शिकारी माशाला वाटतं, खराच मासा पळतोय, आणि तो झडप घालतो. गांडूळ नको, कणीक नको.

"आता अशा मिळत नाहीत हो मिस्त्री," साहेब म्हणाले. "तुम्हांला जमेल? जमलं तर नागपूरचे माझे सगळे मित्र मागं लागतील. वर्षभर दुसरं काम घ्यायला नको तुम्हांला."

बानं मासोळी घेतली, उलटीपालटी केली, नाकातून आत जाऊन शेपटीतून निघालेल्या तारेच्या टोकांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "हे तं भोवऱ्याच्या जातीचं काम आहे, सायेब."

या एका वाक्यानं आमचं वाटोळं झालं. पण तेव्हा ते मलाही फार हुशारीचं वाटलं होतं. मी दोरी ओढता ओढता मान डोलावली.

पहिली मासोळी आम्ही शिवणीच्या लाकडाची केली. शिवण हलकी, तडकत नाही. खरादीवर ती अशी उतरली, की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. बानं फिरत्या लाकडावर लाखेच्या कांड्या टेकवून हिरवी पाठ, पिवळं अंग, लाल गळा चढवला. मी डोळ्यांना गुंजा बसवल्या, लाल आणि मध्ये काळा ठिपका. मग बानं सामता घेऊन नाकातून शेपटीपर्यंत भोक पाडलं, अगदी मधोमध. त्यातून तार, तारेभोवती वजनाला शिसं, तोंडाखाली डब्याच्या पत्र्याची जीभ. शेजारची म्हातारी म्हणाली, "हे मासे धरासाठी? पाप लागन बाप्पा. माझ्या नातवाले द्या खेळाले."

मी ती रामाळा तलावावर नेली. बांबूला दोरी, दोरीला मासोळी. फेकली, ओढली. आणि ती पाण्यात गरगर गरगर फिरायला लागली. मासा असा फिरत नाही. मेलेलाही फिरत नाही. खरादीवर फिरत होती तशीच ती पाण्यात फिरली, जणू मी तिथंही दोरीलाच होतो. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

"काहो भाऊ, मासे धरून राह्यले, का दोर वळून राह्यले?"

मी रागानं मासोळी वर उचलली. दोरीला पडलेला सगळा पीळ हवेत उलटा सुटला, मासोळी भिंगरीसारखी माझ्याभोवती फिरली आणि शेपटीचा गळ माझ्या धोतरात मागच्या बाजूला रुतला. पहिला मासा लागला तो मीच. तो सोडवायला दुसऱ्या कुणाची तरी मदत लागत होती आणि घाटावर सगळ्या बायकाच होत्या, म्हणून मी तसाच, बांबू खांद्यावर घेऊन, स्वतःलाच ओढत घरी आलो.

बानं सगळं ऐकून घेतलं. "तोल कमी पडला," म्हणाला. "आनखी बारीक उतरवा लागन."

आता हे बघा. कुठल्याही वस्तूत दोष निघाला की तो काढायचा कसा, हे आम्हांला एकच माहीत होतं: आणखी गोल करा, आणखी समतोल करा. भोवरा डगमगला, करा गोल. लाटणं अडलं, करा गोल. पिढ्यान् पिढ्या हेच. म्हणून दुसरी मासोळी पहिलीपेक्षा समतोल झाली आणि पहिलीपेक्षा जोरात फिरली. तिसरी तर इतकी सुंदर फिरली, की मला क्षणभर अभिमान वाटला. मासे काय म्हणत असतील, कुणास ठाऊक.

मग मी डोकं लावायला सुरुवात केली. माझं म्हणणं, वजन वाढवा, म्हणजे फिरणार नाही. शिसमाची केली. ती फिरली नाही, हे खरं. ती दगडासारखी तळाला गेली आणि ओढल्यावर एका बाईची बुडवून ठेवलेली गोधडी घेऊन वर आली. त्या बाईनं मला जे ऐकवलं ते लिहिण्याची सोय नाही. मग मी म्हणालो, बा, पोट रंध्यानं चपटं करू. बा माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी देवाच्या मूर्तीचं नाक कापू म्हणालो होतो.

"चपटं? खरादीवरून चपटं उतरते का बे?"

"पन ते विलायतीवालं थोडं..."

"ते झिजलं आहे. माशायनं चाव चावून झिजवलं. नवं असन तवा गोलच असन."

यावर वाद मिटवायचा एकच मार्ग मला दिसला. बा बाजारात गेला होता. मी साहेबांची विलायती मासोळी घेतली आणि आत काय आहे ते पाहायला करवतीनं मधोमध कापली. लाकूड जुनं, पाणी पिऊन कुजलेलं. करवत निम्म्यात गेली तोच त्याचा भुगा झाला, आतून शिशाची गोळी निघाली, पडवीवरून घरंगळली आणि थेट नालीत. गोळी कुठल्या जागी बसवली होती, वर का खाली का मधोमध, हे बघायच्या आत ती गेली. मी कोपरापर्यंत हात घालून नाली चाचपडत असताना बा आला.

त्यानं नाली बघितली. मला बघितलं. हातातला भुगा बघितला आणि बाजाराची पिशवी घेऊन आत गेला. मला शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेब सज्जन माणूस. पुढच्या खेपेला त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. "जाऊ दे. निदान आत काय आहे ते तुला कळलं ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

काही कळलं नव्हतं. आता समोर ठेवून बघायलाही काही उरलं नव्हतं. पावसाळा अर्धा सरला. बा मासोळ्या करत राहिला, एकापेक्षा एक देखण्या. लाख संपत आली. मामाचा निरोप आला, की जागा अजून आहे, पण फार दिवस राहणार नाही. मायनं निरोप मोठ्यानं सांगितला नाही, पण माझी नेसायची एक जाड पंची धुऊन, शिवून, घडी करून पेटीवर ठेवली. ती घडी बा येता-जाता बघायचा.

याच दिवसांत बा एक नवीन गोष्ट करायला लागला. लाकूड खरादीवरून उतरलं, लाख चढली, की तो सामता हातात घ्यायचा आणि मला म्हणायचा, "जा, चहा आन." चहा घेऊन यावं तर भोक पाडून झालेलं, तारही ओवलेली. वरून लाखेचा मणी बसवलेला, भोकाचं तोंड दिसूसुद्धा नये असा. मला वाटलं, बा विद्या लपवतोय. भोक पाडायची त्याची काही खूण असेल, ती मला दाखवायची नसेल. मला राग आला. आपल्या पोरापासून काय लपवायचं? मी माझ्या सोबत्यांमध्ये हे बोलूनही दाखवलं, की आमचा म्हातारा कला घेऊन मसणात जाणार.

मग एका रविवारी साहेबांनी मला इरई नदीच्या डोहावर बोलावलं, सगळ्या मासोळ्या घेऊन. बा टोपली भरत होता. एक हिरवी मासोळी त्यानं उचलली, बघितली आणि बाजूला ठेवली.

"हे राहू दे. हे जमलं नाई."

तो पाणी प्यायला आत गेला तशी मी ती खिशात टाकली. का टाकली? एवढ्यांत आणखी एक असलेली बरी म्हणून. माझ्या आयुष्यातली फार मोठी कामं अशाच विचारपूर्वक झालेली आहेत.

डोहावर साहेबांनी त्यांच्या चरखीच्या काठीला एकेक मासोळी बांधून फेकली. एकेक मासोळी फिरली. साहेब आधी "हं" म्हणत होते, मग तेही म्हणेनासे झाले. टोपली संपली. ते काठी आवरायला लागले आणि मी बसल्या जागी खाणीत उतरायला लागलो. तेव्हा खिशातली टोचली. मी काढून दिली. साहेबांनी माझं मन राखायचं म्हणून बांधली आणि फेकली.

ती फिरली नाही. पोट खाली, पाठ वर, ती पाण्यात उभी राहिली, आणि दोरी ताणताच डोकं या बाजूला, शेपूट त्या बाजूला, अशी चालत आली. डोक्यावर घागर घेतलेली बाई निसरड्या वाटेनं येते ना, तशी. कमरेत हलत. साहेबांचा हात चरखीवर हळू झाला. "अरे," ते म्हणाले. "अरे, बघ..."

पाणी फुटलं. शेवाळाखालून मरळ आली ती एखाद्यानं लाकूड फेकून मारावं तशी. काठी वाकली, साहेबांची टोपी पाण्यात पडली, आणि इतका शहाणा माणूस चिखलात बसून ओरडायला लागला, "हीच! हीच! अशाच करा! जितक्या होतील तितक्या करा!"

मरळ काठावर आली, मासोळी तिच्या जबड्यातून सोडवली. मरळीनं शेपटीकडचा लाखेचा मणी चावून फोडला होता, आणि त्याखालचं भोक उघडं पडलं होतं. तेव्हा मला दिसलं. नाकातून भोक मधोमध निघालं होतं, पण बाहेर पडलं होतं शेपटीच्या खूप खाली, पोटाकडं. आत तिरपं गेलं होतं. तिरप्या भोकात शिसंही पोटाकडं बसलं. म्हणून पोट खाली राहिलं, म्हणून ती फिरली नाही, म्हणून चालली. एवढंच होतं. समतोल होता तोच आम्हांला नडत होता! ही एक वाकडी निघाली आणि जिवंत झाली!

साहेबांनी मरळ मलाच दिली. ती एका हातात, मासोळी दुसऱ्या हातात, असा मी डोहापासून परकोटापर्यंत पळालो आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आत शिरलो.

"बा! अबे सगळे या! बाचा हात चुकला! बाचं भोक वाकडं गेलं, म्हून मासा लागला!"

गल्ली जमली. धुणं टाकून बायका आल्या, तेली आला, हुक्केवाले चाचा काठी टेकत आले. मी मासोळी हातोहात फिरवली. कुणाला दिसत नसेल तर बोट लावून दाखवलं: हे पाहा, इथून निघालं पाहिजे होतं, आणि इथून निघालं. किती चुकलं पाहा! प्रत्येक जण वाकून बघत होता आणि मान हलवत होता. मला वाटलं, वाहवा चालली आहे. मासोळी चाचांच्या हातात आली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, भोकावरून नख फिरवलं आणि फार हळू, फार मायेनं म्हणाले, "उस्ताद, उमर है. होता है."

बा पडवीत उभा होता. त्याला मासोळी द्यायला चाचांनी हात पुढं केला. बानं हात पुढं केला नाही. तो आत गेला.

त्या दिवशी मरळीचा रस्सा झाला. बा जेवला. पाणी पिताना त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी ताटात सांडलं. मी बघत राहिलो. भांडी घासताना माय मला म्हणाली, "आता दिसलं का तुले? होळीपासून हालून राह्यला त्याचा हात. भोक पाडाच्या वक्ताले तुले चहाले काऊन धाडे, वाटलं?"

मी दिवसभर त्याच्यासमोर बसून दोरी ओढत होतो. समोर, हातभर अंतरावर. आणि तोंड चालवत होतो.

तरी मला वाटत होतं, सगळं जुळून येईल. हात हलतो ना? हलू दे. आता वाकडंच तर पाहिजे आहे. अशी सोय कुणाच्या नशिबी येते? दोन दिवसांनी साहेब आले, बासमोर पडवीत टेकले. "मिस्त्री, कमाल केलीत. अगदी अशीच पाहिजे. भोक असंच तिरपं."

बानं मान हलवली. सामता घेतला. या वेळी मला चहाला पाठवलं नाही. सगळ्यांच्या देखत त्यानं नवी मासोळी गुडघ्यात धरली, जाणूनबुजून गिरमिट तिरपं टेकवलं आणि धनुकली ओढायला लागला. हात थरथरत होता, आता लपवायचं कुणापासून? भुसा पडत गेला. गिरमिट पलीकडून बाहेर आलं.

मधोमध. शेपटीच्या अगदी टोकाला, जणू कंपासनं काढलेलं.

बानं मासोळी वर धरली. कितीतरी दिवसांत मी त्याचं तसं तोंड बघितलं नव्हतं. "पाह्यलं? पाह्य, कुठून निघालं!" तो मला म्हणाला, मग साहेबांना, मग आतल्या दाराकडं मायला. "कोन म्हन्ते हात गेला?"

साहेब गडबडले. "छान आहे मिस्त्री. पण... जरा वाकडं हवं होतं."

"वाकडं माझ्याच्यानं नाई होत, सायेब," बा म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, आनंदच होता. "ते एक झालं ते झालं. सरळ पाह्यजे तितकं मागा."

साहेब निघून गेले. मी हार मानली नाही. बानं उतरवून ठेवलेल्या काही मासोळ्यांना गोठ्यामागं बसून मी स्वतः तिरपी भोकं पाडली. वाकडं काम मला उपजतच येत होतं, त्याला शिकावं लागलं नाही. तलावावर नेऊन बघितल्या. चालल्या! सगळ्या कमरेत हलत चालल्या. मी त्या बासमोर मांडल्या.

"बा, सायेबाले हे देऊ. आपलं काम झालं. मी खानीत नाई जात आता."

बानं एकेक उचलून बघितली. "हे कोनाच्या हातचं म्हनून जाईन?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजे माझ्या. चांद्याचा खरादी म्हंजे मीच." त्यानं भोकावर अंगठा ठेवला. "लोक म्हन्तीन, याले आता भोकही सरळ पाडता येत नाई. समदे तसेच म्हन्तीन."

"लोकायले मासे पाह्यजेत, बा!"

तो उठला आणि ओंजळीत मासोळ्या घेऊन चुलीकडं गेला. माय चुलीपुढं बसली होती. तिनं आधी ओंजळ बघितली, मग त्याचे हात, आणि ती बाजूला सरकली. तिनं त्याला अडवलं असतं तर तो थांबला असता, असं मला वाटतं. मीही अडवलं नाही. लाख पेटते तेव्हा आधी बुडबुडे येतात, मग ज्योत रंगाप्रमाणं बदलते. घरभर वास. गुंजांचे डोळे एकेक करून फुटले.

चुलीकडं तोंड ठेवूनच बा म्हणाला, "पोळा झाला का जाय मामाकडं."

हे त्यानंच म्हटलं. मायनं नाही, मामानं नाही.

साहेबांची बदली लवकरच वैनगंगेपलीकडं, गडचिरोलीच्या बाजूला झाली. जाण्यापूर्वी ते ती एक मासोळी मागायला आले, मरळ लागलेली. बानं ती कागदात गुंडाळून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "चुकलेल्या मालाचे पैसे घेत नसतो," म्हणाला. पुढं तिनं किती मासे धरले, मला माहीत नाही. मी तेव्हा खाली होतो.

खाणीत माझं काम टोपल्या भरायचं. तिथं तोंड चालवत नाहीत, कोळसा आत जातो. सुट्टीच्या दिवशी मी बल्लारपूरहून गाडीनं चांद्याला यायचो, अंग घासून घासून धुवायचो आणि तरी मायच्या पांढऱ्या पातळाला माझी बोटं लागायची. पडवीत खराद तशीच होती. तिची दोरी काढून बांधली होती आणि माय तिच्यावर कपडे वाळत घालत होती. दोरी मजबूत होती. दोरी ओढायला माणूस नाही, म्हणून बा खरादीवर बसत नव्हता. पण सामता एकट्यानं चालतो. तो भिंतीला टेकून लाकडाचे तुकडे गुडघ्यात धरायचा आणि भोकं पाडायचा, दिवसभर. नळ्या कुणाला नको होत्या. भोकं पडलेले तुकडे माय चुलीत घालायची.

एकदा असाच आलो तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. हातात हातभर लांबीची नळी होती, शिसमाची, साफ उतरवलेली. कधीची होती कुणास ठाऊक, जुन्या दिवसांतली राहिलेली असेल. हात आता पूर्वीपेक्षा जास्त हलत होता. त्यानं नळी माझ्या डोळ्याला लावली आणि माझं डोकं धरून दाराच्या उजेडाकडं वळवलं.

"पाह्य. उजेड दिसते का?"

मी बघितलं. आत काळोख होता. मी नळी जरा हलवली, डोळा बारीक केला. काळोखच. बाचा हात माझ्या मानेवर थरथरत होता. एवढी वर्षं बडबड करून मी त्याला एकही कामाची गोष्ट सांगितली नव्हती. म्हटलं, आज एक सांगू.

"दिसते बा. स्वच्छ दिसते. एकदम मधोमध आलं आहे."

मानेवरचा हात निघाला. बानं नळी माझ्या डोळ्यापासून काढून घेतली आणि तिचं दुसरं टोक माझ्यासमोर धरलं. ते कोरं होतं.

"कसा दिसन बे?" तो म्हणाला. "त्या तोंडाकून अजून पाडलंच नाई."

आणि त्यानं धनुकली उचलली.